इतिहासाची मानी उपासिका : रिकार्डा हूख

इतिहासकार आणि कवि हीं दोन नांवें एकाच व्यक्तीस लावलेलीं दिसलीं, कीं विद्वान् मंडळी किंचित् साशंक होतात. इतिहासकारानें जें घडलें तेवढेंच सांगावें, पदरचें कांहीं घालूं नये. आणि कवीनें पदरचें कांहीं घातलें नाहीं तर त्यास कवि तरी कोण म्हणणार? तेव्हां या दोन वृत्ति एका ठायीं नांदूं लागल्या तर त्यांपैकीं एकीला उपाशी राहावें लागतें, असा सर्वसाधारण समज आहे. जर्मनीमध्यें मात्र ही जोडी वारंवार जमलेली आढळते. फ्रेडरिक शिलर हा त्या देशाचा थोर कवि व नाटककार. परंतु १७८९ सालीं तो येना येथील विद्यापीठांत अध्यापक म्हणून गेला आणि तीस वर्षांच्या धर्मयुद्धाचा इतिहास त्यानें लिहिला, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्याच युद्धाचा इतिहास शिलरनंतर सुमारें सवाशें वर्षांनीं पुनः एका कविहृदयाच्या व्यक्तीनें लिहिला, आणि ती व्यक्ति स्त्री होती. रिकार्डा हूख हें त्यांचें नांव. या महिन्याच्या सदरांत आम्ही या विदुषीचें चरित्र व ग्रंथकर्तृत्व यांचा परिचय करून देणार आहों. केवळ विद्वत्तेमुळें आम्हीं त्यांची निवड केली असें मात्र नव्हे. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं त्यांच्यापुढें एक लहानसा कागद सहीसाठीं आला, आणि त्यांनीं त्यावर सही करण्याचें नाकारलें. त्या नकाराचें मूळ त्यांच्या इतिहासाभ्यासांत कसें होतें, हें पाहणें आम्हांस विशेष उद्बोधक वाटतें.

रिकार्डाबाईंचा जन्म १८ जुलै १८६४ रोजीं उत्तर जर्मनींतील ब्राउन्श्वाइग या जुन्या नगरांत झाला. घराणें व्यापाऱ्यांचें, सधन आणि सुसंस्कृत. वडिलांचा व्यवहार थेट दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशापर्यंत पोंचलेला. वाचनलेखनाची आवड घरांत अशी मुरलेली होती, कीं वडील बंधु रुडोल्फ हे पुढें कादंबरीकार झाले आणि चुलत बंधु फ्रेडरिक यांनींही त्याच क्षेत्रांत नांव मिळविलें. परंतु भरल्या घराला लवकरच उतरती कळा लागली. आई व वडील हे दोघेही रिकार्डाबाईंच्या विशीच्या आसपास निवर्तले, आणि व्यापार खालावत गेला. त्यांत आणखी एक मानसिक आपत्ति ओढवली. थोरली बहीण लिली हिचा विवाह रिचर्ड या चुलत बंधूशीं झाला होता. आमच्या गोत्रप्रवराच्या दृष्टीनें हा संबंधच अशक्य. तिकडे मात्र चुलत भावंडांच्या विवाहास मज्जाव नाहीं. याच रिचर्डविषयीं रिकार्डाबाईंच्या मनांत प्रीति उत्पन्न झाली, आणि ती एकतर्फी नव्हती. एका छपराखालीं तीन जीव कसे होरपळत असतील, याची कल्पना एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस सहज करतां येईल. गांव सोडणें हाच त्यांतून त्या वेळीं एक मार्ग होता, आणि रिकार्डाबाईंनीं तो पत्करला.

जावें कोठें, याचें उत्तर विद्येच्या ओढीनें दिलें. त्या काळीं जर्मनींतील विद्यापीठांचीं दारें स्त्रियांस बंद होतीं. बाडेन संस्थानानें तीं १९०० सालीं उघडलीं, आणि प्रशियाला जाग येण्यास १९०८ साल उजाडावें लागलें. स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठानें मात्र १८६७ सालींच एका स्त्रीस डॉक्टर ही पदवी दिली होती. म्हणून रशिया, जर्मनी वगैरे देशांतील विद्येच्या भुकेल्या मुली तेथें गोळा होत असत. १८८७ च्या आरंभीं बावीस वर्षांच्या रिकार्डाबाई तेथें दाखल झाल्या. मुलांप्रमाणें पद्धतशीर शालेय शिक्षण त्यांस मिळालेलें नव्हतें. सबब आधीं प्रवेशपरीक्षेची तयारी करावी लागली. ती थोड्या अवधींत उरकून त्यांनीं इतिहास हा विषय घेतला, आणि त्याच्या जोडीला भाषाशास्त्र व तत्त्वज्ञान यांचेंही अध्ययन केलें. स्पेनच्या वारशासाठीं अठराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत जें मोठें युद्ध झालें, त्यांत स्विस संघानें, विशेषतः झुरिच व बर्न यांनीं, तटस्थता कशी राखली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १८९२ सालीं त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. जर्मन स्त्रियांमध्यें इतिहास विषयांत हा मान मिळविणाऱ्या पहिल्या कांहीं जणींत त्यांची गणना होते. पदवीबरोबरच पोटाचीही सोय पाहणें प्राप्त होतें. झुरिचच्या नगर-ग्रंथसंग्रहालयांत नोकरी आणि मुलींच्या शाळेंत अध्यापन, असा त्यांचा कांहीं वर्षें क्रम होता. मारी बाउम ही रसायनशास्त्र शिकणारी मैत्रीण त्यांस येथेंच लाभली. ही मैत्री मरेपर्यंत टिकली, आणि रिकार्डाबाईंचें चरित्रही पुढें तिनेंच लिहिलें.

ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटांतून जुने कागद हाताळतां हाताळतां कविता चालूच होती. पहिला काव्यसंग्रह १८९१ सालीं निघाला, तो पुरुषाच्या नांवानें! ‘रिचर्ड हूगो’ असें टोपणनांव त्यांनीं घेतलें होतें. स्त्रीची कविता म्हणून लोकांनीं ती आधींच हलकी लेखूं नये, ही दृष्टि त्यांत असावी. या कवितांचे विषय प्रीति, विरह आणि मृत्यु हे नेहमींचेच आहेत. परंतु त्यांत रडवेपणा नाहीं. दुःख सोसतांनाही मान ताठ ठेवणारी एक वृत्ति त्यांत दिसते. पुढें हान्स फिट्स्नर या नामांकित संगीतकारानें त्यांच्या सहा प्रेमगीतांस स्वररचना केली. १८९३ सालीं ‘धाकट्या लुडोल्फ उर्सल्यूच्या आठवणी’ ही कादंबरी आली. मठांत जाऊन राहिलेला एक संन्यस्त पुरुष आपल्या व्यापारी घराण्याचा ऱ्हास आणि त्यांतील एका अनिवार प्रेमाची कथा सांगत आहे, अशी तिची मांडणी आहे. स्वतःच्याच घरची राख त्यांनीं हातीं घेतली, परंतु ती उधळली नाहीं. दूर धरून न्याहाळली. थॉमस मान यांची व्यापारी घराण्याच्या ऱ्हासावरील सुप्रसिद्ध कादंबरी यानंतर आठ वर्षांनीं प्रसिद्ध झाली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

१८९८ सालीं त्यांनीं एर्मानो चेकोनी या इटालियन दंतवैद्याशीं विवाह केला आणि त्या ट्रिएस्ट बंदरीं राहावयास गेल्या. पुढील वर्षीं त्यांस मारिएटा ही कन्या झाली. तेथील दरिद्री वस्तीचें जें दर्शन घडलें, त्यांतून ‘विजय-गल्लीतून’ हें १९०२ सालचें पुस्तक जन्मास आलें. नांव विजयाचें आणि वस्ती हरलेल्यांची, हा त्यांतील विरोध वाचकाच्या मनास बोंचल्यावांचून राहत नाहीं. पुढें बिऱ्हाड म्यूनिक येथें हललें. परंतु संसार टिकला नाहीं आणि १९०६ सालीं घटस्फोट झाला. १९०७ मध्यें त्यांनीं रिचर्ड यांच्याशीं, म्हणजे ज्यांच्यापासून वीस वर्षांपूर्वीं त्या दूर निघून गेल्या होत्या त्यांच्याशींच, विवाह केला. त्यासाठीं लिलीचा संसार मोडला. इतक्या वर्षांच्या ध्यासाचें फळ हातीं आल्यावर तें कडू निघालें. तीन-चार वर्षांतच हाही विवाह संपुष्टांत आला. आमच्या वाचकांपैकीं अनेकांस हा भाग रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. त्याचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या स्त्रीनें इतिहास लिहितांना कोणाचेंही वैगुण्य झांकलें नाहीं, तिचें चरित्र लिहितांना तें झांकणें योग्य होणार नाहीं. बहिणीस दिलेलें दुःख हें त्यांच्या आयुष्याच्या खात्यांतून वजा होत नाहीं. तें तेथेंच ठेवून पुढील जमेचा विचार करावा, हें बरें.

ही जमा मोठी आहे. १८९९ आणि १९०२ या सालीं त्यांचा जर्मन ‘रोमँटिक’ संप्रदायावरील ग्रंथ दोन भागांत निघाला. नोव्हालिस, श्लेगेल बंधु, टीक आदि लेखकांस त्या काळचे पंडित स्वप्नाळू व दुर्बळ मनाचे समजत असत. रिकार्डाबाईंनीं दाखवून दिलें कीं, बुद्धि आणि भावना यांची फारकत मोडून मनुष्य पुनः अखंड व्हावा, हा या मंडळींचा खरा प्रयत्न होता. त्या प्रयत्नाचा बहर पहिल्या भागांत आणि त्याचा प्रसार व ऱ्हास दुसऱ्या भागांत त्यांनीं वर्णिला. यानंतर इटलीच्या स्वातंत्र्यसंग्रामाकडे त्यांची दृष्टि वळली. गॅरिबाल्डीवरील दोन भाग १९०६ व १९०७ सालीं निघाले, आणि १९१० सालीं काउंट कॉन्फालोनिएरी या मिलानच्या सरदाराचें चरित्र प्रसिद्ध झालें. ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून हा सरदार श्पीलबेर्गच्या दुर्गांत अनेक वर्षें खितपत पडला होता. विजयी वीरापेक्षां बंदिवासांत वाकलेला आणि तरीही न मोडलेला मनुष्य लेखिकेस अधिक जवळचा वाटतो, ही गोष्ट या ग्रंथांत प्रथम स्पष्ट दिसते. पुढील तीस वर्षांच्या घडामोडी पाहतां ती लक्षांत ठेवावी, अशी वाचकांस विनंति आहे.

रिकार्डाबाईंचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ म्हणून सामान्यतः ज्याचा निर्देश होतो, तो ‘जर्मनींतील महायुद्ध’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ १९१२ ते १९१४ या काळांत प्रसिद्ध झाला. नांवावरून गैरसमज होऊं नये. हें महायुद्ध म्हणजे १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेलें तीस वर्षांचें युद्ध होय. प्रागच्या राजवाड्याच्या खिडकींतून बादशहाच्या अधिकाऱ्यांस खालीं फेंकण्यांत आलें, तेथून त्यास तोंड लागलें. कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या भांडणांत हळूहळू स्वीडन, स्पेन, फ्रान्स अशीं परकी राज्यें शिरलीं, आणि धर्म बाजूस राहून मुलूख तेवढा उजाड झाला. १६३१ सालीं एकट्या माग्डेबुर्ग शहराच्या लुटींत सुमारें वीस हजार माणसें प्राणांस मुकलीं. शिलरच्या हातीं हा विषय पडला तेव्हां गुस्टाव्ह आडोल्फ हा स्वीडनचा राजा आणि वालेन्स्टाइन हा बादशाही सेनापति हे दोघे रंगभूमीच्या मध्यभागीं उभे राहिले. रिकार्डाबाईंच्या ग्रंथांत असा एकही नायक नाहीं. लहानमोठ्या शेंकडों प्रसंगांची एक माळच त्यांनीं ओंवली आहे. एका पानावर राजे व मंत्री मसलत करीत आहेत, तर पुढच्या पानावर त्या मसलतीचें फळ कोणा खेडुताच्या दारीं येऊन उभें राहतें. सेनापतीचा खून होतो, राजा रणांत पडतो, तरी युद्ध थांबत नाहीं. कारण तें आतां कोणाच्याच हातीं राहिलेलें नाहीं. ही जाणीव वाचकास कोठेंही उपदेश न करतां होत जाते.

या ग्रंथास इतिहास म्हणावें कीं कादंबरी, असा वाद त्या वेळीं निघाला. त्यांत तळटीपा नाहींत, आधारांची यादी नाहीं, आणि पात्रें आपल्या तोंडानें बोलतात. आपल्याकडील बखरी चाळलेल्या वाचकांस ही तऱ्हा फारशी परकी वाटणार नाहीं. बखरकारही स्वारींतील संवाद प्रत्यक्ष ऐकल्यासारखे लिहितो. भेद इतकाच, कीं बखरकार बहुधा धन्याच्या आज्ञेवरून लिहितो आणि धन्याची बाजू राखतो. रिकार्डाबाईंस धनी नव्हता. शिवाय तटस्थतेवर प्रबंध लिहून तयार झालेली ही लेखणी होती; मूळ साधनांचा अभ्यास पक्का करून मगच त्यांनीं कल्पनेस मोकळीक दिली. अर्थात् संशोधकानें आधार म्हणून या ग्रंथाकडे जाऊं नये, हें उघड आहे. परंतु युद्ध म्हणजे काय, हें ज्यास समजून घ्यावयाचें आहे, त्यास तारखांच्या कोष्टकांपेक्षां हा ग्रंथ अधिक सांगेल. शेवटचा भाग बाहेर पडला त्याच वर्षीं युरोपांत दुसरें महायुद्ध — म्हणजे आपण ज्यास पहिलें म्हणतों तें — पेटलें, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

त्या युद्धांत जर्मनीचा पाडाव झाल्यावर रिकार्डाबाईंचें लक्ष स्वदेशाच्या भूतकाळाकडे अधिकाधिक लागलें. १९२७ सालीं निघालेल्या ‘जुन्या साम्राज्यांत’ या ग्रंथांत त्यांनीं जर्मनींतील जुन्या नगरांचीं शब्दचित्रें काढलीं. वेशी, देवळें, नगरसभांचे वाडे, कारागिरांचे संघ यांचें वर्णन करतांना एक विचार त्या पुनःपुनः मांडतात. जुनें साम्राज्य थोर होतें, तें बादशहाच्या हुकमतीमुळें नव्हे. प्रत्येक नगर, प्रत्येक संघ आपापला कारभार आपण पाहत असे आणि त्याची जबाबदारी आपल्या शिरीं घेत असे, म्हणून तें थोर होतें. सर्व सत्ता एका ठायीं गोळा झाली कीं माणसाचा कणा मोडतो, असें त्यांचें मत होतें. रशियन क्रांतिकारक बाकुनिन याचें चरित्र त्यांनीं १९२३ सालीं लिहिलें आणि १८४८ च्या जर्मन क्रांतीचा इतिहास १९३० सालीं लिहिला, तो याच विचाराच्या ओघांत. देशांत त्यांचा मान वाढत होता. त्यांच्या साठाव्या वाढदिवशीं थॉमस मान यांनीं जर्मनींतील, किंबहुना युरोपांतील, अग्रगण्य स्त्री म्हणून त्यांचा गौरव केला. प्रशियाच्या कला-अकादमीचा काव्यविभाग १९२६ सालीं स्थापन झाला. त्यावर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री सभासद होत. १९३१ सालीं फ्रांकफुर्ट नगराचें गटे पारितोषिक त्यांस मिळालें.

३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर जर्मनीचा मुख्य प्रधान झाला. पुढील महिन्यांतच अकादमीच्या काव्यविभागाचे अध्यक्ष हाइन्रिख मान यांस सरकारविरोधी पत्रकावर सही केल्याबद्दल बाहेर पडावें लागलें. मार्चच्या मध्यास उरलेल्या सभासदांकडे एक कागद आला. बदललेली ऐतिहासिक परिस्थिति मान्य करून सरकारविरुद्ध जाहीर राजकीय हालचाल न करण्याची आणि राष्ट्रीय सांस्कृतिक कार्यांत एकनिष्ठपणें सहकार्य करण्याची आपली तयारी आहे काय, असा त्यांत प्रश्न होता; उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच द्यावयाचें. मसुदा करणारे गोट्फ्रीड बेन हे स्वतः नामांकित कवि होते. बहुतेक सभासदांनीं ‘होय’ लिहून दिलें. त्यांचीं कारणें समजण्यास कठीण नाहींत. कोणास नोकरीची काळजी, कोणास मुलाबाळांची. कोणास वाटलें, हें वादळ चार महिन्यांत जाईल, तोंवर एका सहीनें काय बिघडतें? अशा हिशेबांनींच असल्या कागदांवर सह्या होत असतात.

रिकार्डाबाईंनीं सहीस नकार दिला. अकादमीचे अध्यक्ष माक्स फॉन शिलिंग्स यांस तो धक्काच होता. हाइन्रिख मान यांच्यासारखा डाव्या विचारांचा लेखक गेला, तर त्याचें नव्या सत्ताधाऱ्यांस सुखच होतें. परंतु रिकार्डाबाई म्हणजे जुन्या साम्राज्याचें, ल्यूथरच्या श्रद्धेचें, जर्मन नगरांचें प्रेमानें वर्णन करणाऱ्या. त्या तर आपल्याच, अशी त्यांची समजूत होती. म्हणून अध्यक्षांनीं पत्रांवर पत्रें लिहून त्यांचें मन वळविण्याचा यत्न केला. ९ एप्रिल १९३३ रोजीं रिकार्डाबाईंनीं शेवटचें उत्तर धाडलें. त्याचा आशय असा. जर्मन मनुष्यास आपण जर्मन आहों असें वाटावें, हें स्वाभाविकच आहे. परंतु जर्मनपणा कशांत आहे, याविषयीं मतभेद असूं शकतो. नव्या सरकारची केंद्रीकरणाची हांव, बळजबरी, पाशवी उपाय, वेगळें मत असणाऱ्यांची निंदानालस्ती आणि स्वतःची फुशारकी या गोष्टी आपणांस जर्मन वृत्तीच्या विरुद्ध व अनिष्टकारक वाटतात. सबब आपण अकादमी सोडीत आहों. आपण बाहेर पडलां तर हाइन्रिख मान आणि आल्फ्रेड ड्योब्लिन यांच्या पंक्तीस बसाल, असेंही अध्यक्षांनीं सुचविलें होतें. ड्योब्लिन हे ज्यू होते. त्यावर बाईंनीं लिहिलें कीं, त्यांच्याशीं आपलें सर्वत्र एकमत नाहीं. परंतु ते जितके प्रामाणिक व सरळ आहेत, तितके सगळे ज्यूतर जर्मन असते तर बरें झालें असतें.

या उत्तराचें मर्म आम्हांस असें वाटतें. रिकार्डाबाईंनीं राज्यकर्त्यांस स्वदेशप्रेमाच्या विरुद्ध उभें राहून उत्तर दिलें नाहीं; स्वदेशप्रेमाच्याच भूमीवर उभें राहून दिलें. राज्यकर्ते म्हणत होते, हा देशाचा इतिहास आमच्या बाजूस आहे. त्यांस हें सांगण्यास इतिहासाचा द्वेष करणारा मनुष्य उपयोगाचा नव्हता. ज्यानें तो जन्मभर वाचला, ज्यास त्याविषयीं ममता आहे, त्यानेंच उठून ‘आमच्या पूर्वजांचें हें वळण नव्हे’ असें म्हणावें लागतें. चाळीस वर्षें जुन्या नगरांच्या स्वयंशासनाचा अभ्यास केलेल्या स्त्रीस त्या कागदांतील ‘एकनिष्ठ’ या शब्दाचा खरा अर्थ एका दृष्टिक्षेपांत कळला. विद्येचा याहून मोठा उपयोग तो कोणता?

त्यांनीं देश मात्र सोडला नाहीं, आणि पुढील लेखनही तेथेंच राहून केलें. जर्मन इतिहासाचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मध्ययुगांत ज्यूंवर झालेल्या जुलमांचें वर्णन सहानुभूतीनें केलेलें असल्यामुळें सरकारपक्षाच्या टीकाकारांनीं त्यावर झोड उठविली. दुसरा भाग १९३७ सालीं निघाला. तिसऱ्यास मात्र लेखिकेच्या हयातींत प्रकाश दिसला नाहीं, तो १९४९ सालीं निघाला. १९३६ पासून त्या येना येथें कन्या मारिएटा व जामात फ्रान्ट्स ब्योम यांच्या घरीं राहत होत्या. ब्योम हे कायद्याचे अध्यापक होते. १९३७ सालीं एका भोजनप्रसंगीं ज्यूंविषयीं बोलणें निघालें. सासू आणि जांवई या दोघांनींही त्यांची बाजू घेतली. पंक्तींतील एकानें तें वरिष्ठांस कळविलें. दोघांवर सरकारविरोधी वक्तव्याबद्दल चौकशी सुरू झाली. ती खटल्यापर्यंत गेली नाहीं, परंतु ब्योम यांस अध्यापनास मुकावें लागलें. घरांत बोललेल्या एका वाक्याची किंमत अशी घरच्या मिळवत्या माणसास द्यावी लागली. त्या घरांत त्यानंतर कोणीं कोणास दोष दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

१८ जुलै १९४४ रोजीं त्यांस ऐंशी वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां हिटलर व गोबेल्स यांच्याकडून अभिनंदनाच्या तारा आल्या! जिनें अकरा वर्षांपूर्वीं तोंडावर नकार दिला, तिच्याच नांवाची झळाळी त्यांस आतां हवीशी झाली होती. दोनच दिवसांनीं, २० जुलै रोजीं, जर्मन सेनाधिकाऱ्यांनीं हिटलरच्या बैठकींत बाँब ठेवला. तो कट फसला आणि शेंकडों माणसें फांसावर गेलीं. त्याच वर्षीं रिकार्डाबाईंचा ‘शरद्-अग्नि’ हा शेवटचा काव्यसंग्रह निघाला. जर्मनींतील जीं जुनीं नगरें त्यांनीं शब्दांत रेखाटलीं होतीं, त्यांच्यासारख्या कित्येक नगरांवर तेव्हां विमानांतून आगीचा वर्षाव होत होता. त्यांचें जन्मग्राम ब्राउन्श्वाइग १५ ऑक्टोबर १९४४ च्या एका रात्रींत जळालें.

युद्ध संपलें तेव्हां वृद्धत्व पूर्ण आलें होतें. डोक्यावर छप्पर आणि पोटाला भाकरी मिळाली तरी पुष्कळ, अशी देशाची अवस्था होती. अशा वेळीं, १९४६ सालीं, रिकार्डाबाईंनीं वर्तमानपत्रांतून एक आवाहन प्रसिद्ध केलें. हिटलरच्या राजवटीस विरोध करून ज्यांनीं प्राण दिले, त्यांच्या आप्तेष्टांनीं पत्रें, टिपणें, आठवणी आपल्याकडे पाठवाव्या. त्या हुतात्म्यांचा एक स्मरणग्रंथ आपण लिहिणार आहों. हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. त्या माणसांस पुष्कळ जर्मन लोक अद्यापि देशद्रोही समजत होते, आणि त्यांच्या विधवा शेजाऱ्यांपुढें पतीचें नांव घेण्यास कचरत होत्या. ब्याऐंशी वर्षांची ही स्त्री त्यांस पत्रें लिही, आलेलीं उत्तरें लावून ठेवी, आणि एकेक चरित्र लिहून काढी. म्यूनिकचे सोफी व हान्स शोल हीं विद्यार्थी भावंडें २२ फेब्रुवारी १९४३ रोजीं पत्रकें वाटल्याबद्दल मारलीं गेलीं. त्यांचाही वृत्तांत त्यांत होता. श्पीलबेर्गच्या बंदिवानाचें चरित्र १९१० सालीं ज्या हातांनीं लिहिलें, त्यांनींच आतां हें काम आरंभिलें होतें. विषय तोच होता. फरक इतकाच, कीं आतां बंदिवान आपल्याच काळचे होते आणि त्यांच्या आया जिवंत होत्या.

ऑक्टोबर १९४७ मध्यें बर्लिन येथें युद्धोत्तर काळांतील पहिलें जर्मन लेखक-संमेलन भरलें. चार विजयी राष्ट्रांच्या अंमलाखालीं विभागलेल्या देशांतील लेखक तेथें एकत्र आले, आणि रिकार्डाबाईंस सन्माननीय अध्यक्षपद देण्यांत आलें. संमेलनानंतर त्या रशियन अंमलाखालील येना येथें परत न जातां पश्चिमेकडे कन्येच्या घरीं निघाल्या. एक सक्ती जाऊन दुसरी येत असलेली त्यांस दिसत होती. मोडक्या रेल्वेचा तो प्रवास त्यांच्या जराजर्जर देहास सोसला नाहीं. १७ नोव्हेंबर १९४७ रोजीं फ्रांकफुर्टजवळील श्योनबेर्ग येथें त्यांचा अंत झाला. स्मरणग्रंथ अपुरा राहिला. त्यासाठीं जमविलेले कागद त्यांनीं लेखक ग्युन्टर वाइझेनबोर्न यांच्या हवालीं केले होते, आणि त्यांच्या आधारें त्यांनीं १९५३ सालीं ‘निःशब्द उठाव’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जामात ब्योम यांस युद्धानंतर मान मिळाला. ज्यूंस नुकसानभरपाई देण्याविषयीं इस्राएलशीं १९५२ सालीं जो करार झाला, त्याच्या वाटाघाटींत जर्मन शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. भोजनाच्या पंक्तींत बोललेला शब्द असा पंधरा वर्षांनीं राष्ट्राच्या करारांत उतरला.

रिकार्डाबाईंच्या लेखनांत दोष नाहींत असें नाहीं. जुन्या साम्राज्याचें चित्र त्यांच्या ममतेमुळें कधीं कधीं प्रत्यक्षाहून अधिक उजळ झालें आहे. त्यांची भाषा भारदस्त आहे. तिच्यांत शिरण्यास वाचकास थोडे श्रम पडतात. कांहीं पुस्तकें द्रव्यासाठीं लिहिलेलीं आहेत, आणि त्यांची किंमत त्यांनींही फारशी मानली नाहीं. त्या नाझी राजवटींत देशांतच राहिल्या, हेंही कित्येकांस खटकतें. आमच्या मतें सर्वांनींच देश सोडून जावें, अशी अपेक्षा करणें बरोबर नाहीं. राहणाऱ्यानें कोणत्या कागदावर सही केली आणि कोणत्या नाहीं, एवढें मात्र पाहावें.

असो. आपल्या घरांत मुलें इतिहास शिकतात, तेव्हां लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी यांवरच बहुधा भर असतो. वडील मंडळींनीं त्यास आणखी एक जोड द्यावी, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक काळीं ‘होय’ म्हणणारे पुष्कळ आणि ‘नाहीं’ म्हणणारे थोडे असतात. त्या थोड्यांचीं नांवें बहुधा कोणत्याही शिलालेखांत नसतात, तीं घरोघरच्या आठवणींतच राहतात. तशी एखादी आठवण आपल्या कुळांत असेल, तर जाणत्या माणसांच्या तोंडून ती ऐकून घ्यावी आणि वेळींच लिहून ठेवावी. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं रिकार्डाबाई जें काम घेऊन बसल्या होत्या, तें याहून वेगळें नव्हतें.